बोलक्या यंत्राचे विद्यार्थी

पीएच्. डी. साठीं लिहिलेला प्रबंध बहुधा तीनच माणसें वाचतात: लिहिणारा, त्याचा मार्गदर्शक आणि परीक्षक. त्यांतहि परीक्षकाविषयीं कोणी शपथ घेऊं नये. अशा प्रबंधांच्या गोष्टी सांगून आपली संध्याकाळ अडवावी, हें एक धाडसच म्हणावयाचें. परंतु यंत्राला माणसाशीं संभाषण करावयास शिकविण्याचा जो उद्योग आज सर्वत्र बोलला जात आहे, त्याचा पूर्वेतिहास मोठमोठ्या कंपन्यांच्या कचेऱ्यांत घडण्याच्या कितीतरी आधीं अशाच प्रबंधांतून घडला; आणि तो घडविणारे बहुतेक पंचविशीच्या आगेमागे असलेले विद्यार्थी होते. आपल्या घरांतील मुलें आज संगणकाला मराठींत प्रश्न विचारतात आणि तो मराठींत उत्तर देतो. त्या उत्तरामागें कोणते प्रश्न अजून उभे आहेत, हें जाणावयाचें असेल तर ह्या जुन्या वह्या उघडल्या पाहिजेत.

आरंभ मात्र एका लेखापासून करावा लागतो. १९५० च्या ऑक्टोबरांत 'माइंड' ह्या इंग्रजी त्रैमासिकांत ॲलन ट्यूरिंग ह्या गणितज्ञाचा एक निबंध प्रसिद्ध झाला. यंत्र विचार करूं शकेल काय, ह्या प्रश्नाचा काथ्याकूट त्यानें बाजूस सारला आणि त्याच्या जागीं एक खेळ मांडला. दृष्टीआड बसलेल्या दोघांशीं केवळ टंकलिखित प्रश्नोत्तरें करून, त्यांतला माणूस कोणता आणि यंत्र कोणतें हें परीक्षकानें ओळखावयाचें. सुमारें पन्नास वर्षांत असें यंत्र निघेल कीं, पांच मिनिटांच्या प्रश्नोत्तरानंतर तें ओळखणें साधारण परीक्षकाला शंभरांत सत्तराहून अधिक वेळां साधणार नाहीं, असें त्याचें भाकित होतें. अशा रीतीनें संभाषण हीच बुद्धीची कसोटी ठरली. कसोटीचा दगड तयार झाला. पण घासून पाहावयास सोनें कोठून आणावयाचें?

तें आणण्याचा एक पहिला प्रयत्न अमेरिकेंतील एम्. आय. टी. ह्या संस्थेंत १९६४ सालीं डॅनियल बॉब्रो ह्या विद्यार्थ्यानें आपल्या प्रबंधांत केला. त्याच्या आज्ञावलीचें नांवच 'स्टूडंट' असें होतें. शाळेंतल्या बीजगणितांत शब्दांत मांडलेलीं उदाहरणें असतात, तीं ह्या आज्ञावलीला इंग्रजी वाक्यांत द्यावयाचीं. ती त्यांचीं समीकरणें मांडून उत्तर काढी, आणि माहिती अपुरी पडल्यास उदाहरण घालणाऱ्यालाच उलट प्रश्न विचारी. हा उलट प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण संभाषणाचा पहिला अंकुर त्यांत आहे. परंतु तिची समजूत किती उथळ होती पाहा. इंग्रजींत 'टाइम्स' ह्या एकाच शब्दाचे 'पट' आणि 'वेळां' असे दोन अर्थ होतात. 'मी जितक्या वेळां चित्रपटाला गेलों' अशा अर्थाचें इंग्रजी वाक्य आलें कीं ती बिचारी तेथें गुणाकार करावयास बसे! आपल्या भाषेनें ही पंचाईत टाळली आहे. पण मराठींत तसलेंच यंत्र करूं जाणाऱ्याला प्रथम समोरच्याला 'तूं' म्हणावें, 'तुम्ही' म्हणावें कीं 'आपण', ह्याचा निकाल लावावा लागला असता, आणि तो गुणाकाराहून कठीण आहे.

ह्याच सुमारास त्याच संस्थेंत जोसेफ वायझेनबाउम हे अध्यापक 'एलायझा' नांवाची आज्ञावली लिहीत होते. हें नांव बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' नाटकांतल्या फुलें विकणाऱ्या मुलीचें. आपण मराठी मंडळी तिला पु. ल. देशपांडे यांच्या १९७५ च्या 'ती फुलराणी' ह्या नाटकांतली मंजुळा म्हणून ओळखतों. ही एलायझा मानसोपचारतज्ज्ञाची भूमिका वठवी. आपण लिहिलेल्या वाक्यांतला एखादा शब्द पकडून, 'मी' चें 'तुम्ही' करून, तेंच वाक्य ती प्रश्नाच्या रूपानें परत करी. समजत कांहींच नसे. तरी वायझेनबाउम यांच्या स्वतःच्या लेखनिक बाईंनीं, यंत्राशीं दोन शब्द होतांच, त्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंति केली! सर्व प्रकार कसा रचला जात आहे हें महिनोन्महिने डोळ्यांनीं पाहिलेल्या त्या बाई होत्या.

एलायझाच्या एका आवृत्तीची गोष्ट खुद्द बॉब्रोनेंच १९६८ सालीं छापून ठेवली आहे. तो नोकरीस होता त्या कंपनीचे एक वरिष्ठ अधिकारी सुटीच्या दिवशीं कचेरींत आले. समोरच्या टेलिप्रिंटरची तार बॉब्रोच्या घराशीं जोडलेली आहे अशा समजुतीनें त्यांनीं यंत्राशीं बोलणें सुरू केलें. प्रत्येक विचारण्याला प्रतिप्रश्न! शेवटीं त्यांनीं संतापून बॉब्रोला दूरध्वनि केला आणि माझ्याशीं असा उर्मटपणा कां करतोस, म्हणून जाब विचारला. अंथरुणांतून उठलेल्या बॉब्रोला हंसूं आवरेना. ट्यूरिंगची कसोटी उतरली खरी, पण यंत्र शहाणें निघालें म्हणून नव्हे. माणूस समोरच्याच्या बोलण्यांत अर्थ भरीतच असतो, म्हणून. वायझेनबाउम मात्र ह्या प्रकारानें हंसले नाहींत. ते बर्लिनला जन्मलेले ज्यू होते आणि १९३६ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, मातापित्यांसह अमेरिकेंत आलेले होते. यंत्रावर कोणता निर्णय सोंपवावा आणि कोणता सोंपवूं नये, ह्या प्रश्नानें त्यांना पुढें कधींच सोडलें नाहीं. १९७६ सालीं त्यांनीं त्यावर एक सबंध पुस्तक लिहिलें.

आतां आपण ह्या कथेच्या मुख्य नायकाकडे येतों. टेरी विनोग्राड हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत एक वर्ष भाषाशास्त्र शिकून एम्. आय. टी. त दाखल झाला. सीमोर पॅपर्ट हे त्याचे मार्गदर्शक. १९७० सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, त्यानें आपला प्रबंध पुरा केला. त्यांतल्या आज्ञावलीला त्यानें 'श्रड्लू' असें नांव दिलें होतें. हें नांव ऐकून पंडितांनीं धातु शोधावयास जाऊं नये. वर्तमानपत्रांच्या छापखान्यांत जें लिनोटाइप यंत्र असे, त्याच्या दुसऱ्या स्तंभांतलीं इंग्रजी अक्षरें ओळीनें वाचलीं कीं हा शब्द होतो. ओळ चुकली म्हणजे जुळारी बोट खालीं ओढून ती भरून टाकीत आणि कधीं कधीं ती तशीच छापली जाई.

श्रड्लूचें जग अगदीं चिमुकलें होतें. संगणकाच्या पडद्यावर रेखाटलेलें एक मेज, त्यावर रंगीबेरंगी ठोकळे, कांहीं पिरॅमिड आणि एक पेटी. ठोकळे उचलणारा हातहि पडद्यावरचाच. परंतु ह्या जगाविषयीं आपण इंग्रजींत बोलूं लागलों म्हणजे तें यंत्र जें करी, तें पाहून त्या काळचे जाणते लोक थक्क झाले. पिरॅमिड उचल म्हणून सांगितलें आणि मेजावर ते एकाहून अधिक असले, तर आपण कोणता म्हणतां हें कळलें नाहीं असें तें कबूल करी. 'तो ठोकळा पेटींत ठेव' यांतला 'तो' कोणता, हें तें मागच्या वाक्यावरून ठरवी, आणि आपण काय समजलों तें बोलूनहि दाखवी. मेजाला ठोकळा उचलतां येतो काय, असें विचारल्यास नाहीं म्हणे. एखाद्या रचनेला आपण नवें नांव दिलें तर तें लक्षांत ठेवून पुढें वापरी. तूं असें कां केलेंस, म्हणून विचारीत गेलें तर कारणामागचें कारण सांगत जाई, आणि अखेर 'आपण सांगितलेंत म्हणून' येथें येऊन थांबे. घरांतल्या पांच वर्षांच्या मुलाशीं ज्यांनीं अशी प्रश्नोत्तरें केलीं आहेत, त्यांना ह्यांतली गंमत ताबडतोब कळेल.

ह्यामागची कल्पना अशी कीं, शब्दाचा अर्थ म्हणजे कोशांतली व्याख्या नव्हे, तर एक लहानशी कृति. 'लाल ठोकळा' म्हणजे ठोकळे धुंडाळून त्यांतला लाल हुडकून काढण्याची कृति. 'उचल' म्हणजे वरचें ओझें बाजूला करून हात खालीं नेण्याची कृति. व्याकरण, जगाची माहिती आणि तर्क ह्यांना वेगवेगळ्या कोठड्यांत न ठेवतां विनोग्राडनें त्यांना एकमेकांशीं बोलावयास लावलें. व्याकरणाला शंका आली कीं तें जगाकडे पाहून येई. पूर्वींच्या कोणत्याहि आज्ञावलींत ही एकजीवता नव्हती. १९७२ सालीं हा प्रबंध एका मानसशास्त्रीय नियतकालिकाच्या पानांवर आणि पुस्तकरूपानेंहि प्रसिद्ध झाला. आतां मेजावरून खोलींत, खोलींतून घरांत आणि घरांतून जगांत जावयाचें तेवढें उरलें, असें पुष्कळांना वाटूं लागलें.

पण मेजावरून खोलींत जातां येईना. कां येईना, हें एका घरगुती वाक्यानें दाखवितों. 'सासूनें सुनेला स्वयंपाकघरांत येऊं दिलें नाहीं, कारण ती पारोशी होती.' येथें 'ती' कोण? अर्थात् सून. आतां शेवटचे शब्द तेवढे बदला: 'कारण ती सोंवळ्याला फार कडक होती.' आतां 'ती' म्हणजे सासू झाली. व्याकरण जसेंच्या तसें आहे. एका घरांतली रीतभात ठाऊक असल्यावांचून हा निर्णय होत नाहीं. ह्याच जातीचें एक इंग्रजी वाक्य, नगरसेवक आणि निदर्शक यांच्याविषयींचें, विनोग्राडनेंच पुढें केलें होतें. म्हणजे आपल्या यंत्राची सीमा त्याला ठाऊक होती. ठोकळ्यांच्या जगांत सोंवळें नसतें, अब्रू नसते, मनांत एक आणि बोलण्यांत एक असें कांहीं नसतें. पुढें एका मुलाखतींत त्यानें हेंहि सांगून टाकलें कीं, प्रबंधांतला तो प्रसिद्ध संवाद आपण ओळीनें घोटून बसविलेला होता. त्याबाहेरचा प्रश्न विचारला तर उत्तर येईलच असा भरंवसा नव्हता. मला ह्यांत लबाडी दिसत नाहीं. प्रबंधाला मुदत असते, परीक्षकांपुढें कांहीं तरी चालतें-बोलतें करून दाखवावें लागतें, आणि पदवी मिळाली कीं विद्यार्थी पुढें निघून जातो. परंतु ह्या विद्येंत वारंवार आशा उंचावते आणि वारंवार खालीं येते, त्याचें एक कारण प्रयोग दाखविण्याच्या ह्या निकडींत आहे, असें मला वाटतें.

ह्यानंतरच्या दोन प्रबंधांचा बोलबाला कमी झाला, पण माझ्या दृष्टीनें ते अधिक खोल आहेत. कारण त्यांच्या कर्त्यांनीं यंत्राआधीं माणसांचें बोलणें ऐकलें. बार्बरा ग्रोझ ह्या विदुषींनीं बर्कले येथें १९७७ सालीं आपला प्रबंध सादर केला. हवा दाबण्याचा एक पंप जोडणारा शिकाऊ माणूस आणि त्याला दुरून शब्दांनीं मार्ग दाखविणारा जाणकार, ह्या दोघांचें बोलणें त्यांनीं तपासलें. त्यांना आढळलें कीं, संभाषणाची घडण हातांतल्या कामाच्या घडणीबरोबर चालते. मधलें एखादें काम उरकलें कीं त्याविषयींचे सारे शब्द बाजूला पडतात, आणि मग 'तें' ह्या सर्वनामानें बऱ्याच वेळापूर्वीं उल्लेखिलेली वस्तु अचूक कळते. जवळचें सर्वनाम जवळच्या नामाकडेच जातें, हा वैयाकरणांचा आडाखा येथें चालत नाहीं.

दुसरा प्रबंध टोरोंटोचा. तेथें फिलिप कोहेन यांनीं १९७८ सालीं आणि जेम्स ॲलन यांनीं १९७९ सालीं 'बोलणें म्हणजेच करणें' ह्या विचाराला यंत्राच्या भाषेंत आणलें. हा विचार मूळ ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल्. ऑस्टिन यांचा. ॲलन यांनीं उदाहरण घेतलें तें आगगाडीच्या स्टेशनावरील चौकशीच्या खिडकीचें. अमक्या गांवची गाडी केव्हां सुटते, असें उतारू विचारतो. खिडकींतला माणूस वेळ सांगतो आणि कोणत्या फाटकानें जावयाचें तेंहि सांगतो. विचारलें नसतां कां सांगतो? उतारूला गाडी गांठावयाची आहे, हें तो ओळखतो म्हणून. प्रश्नामागचा हेतु हेरून त्या हेतूच्या वाटेंतली अडचण दूर करणें, ह्याला ॲलन यांनीं नियमांत बसविलें. दादर स्टेशनावर चौकशी करून ज्यांना नेमकें विचारलें तेवढेंच, किंवा त्याहूनहि कमी, उत्तर मिळालें असेल, त्यांना हे नियम माणसांनाहि शिकवावेत असें वाटल्यास नवल नाहीं.

विनोग्राड आणि बॉब्रो हे दोघे जुने प्रबंधकार १९७७ सालीं एकत्र आलेले दिसतात. आणखी कांहीं सहकाऱ्यांबरोबर झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेंत त्यांनीं विमानप्रवासाचें आरक्षण करणारी 'गस' ही आज्ञावली रचली. कोठें जावयाचें, कोणत्या दिवशीं, किती वाजतां, असे रकाने भरून घेणारी ही पद्धति पुढें पुष्कळ वर्षें चालली. आजहि दूरध्वनीवरून 'अमक्यासाठीं एक दाबा' म्हणून सांगणारा आवाज तिच्याच दूरच्या कुळांतला आहे. त्याविषयीं अधिक न बोललेलेंच बरें.

परंतु विनोग्राडचें मन मात्र ह्या सुमारास पालटत होतें. १९७३ पासून तो स्टॅनफर्ड येथें अध्यापक होता. तेथें त्याची गांठ फर्नांडो फ्लोरेस ह्या गृहस्थाशीं पडली. फ्लोरेस हे चिली देशाच्या आयेंदे सरकारांत मंत्री होते; १९७३ च्या लष्करी उठावानंतर तीन वर्षें कारावासांत काढून १९७६ सालीं ते कॅलिफोर्नियांत आले. त्यांनींहि बर्कले येथें पीएच्. डी. चा अभ्यास करून १९८२ सालीं प्रबंध लिहिला. त्याचा विषय कचेऱ्यांतील माणसांचें परस्परांशीं होणारें बोलणें हा होता. ह्या दोघांनीं मिळून १९८६ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. भाषा म्हणजे जगाचें वर्णन करण्याचें साधन आहे, ह्या पायावर श्रड्लू उभें होतें. तो पायाच कच्चा आहे असें प्रतिपादन त्यांत होतें. बोलणारा माणूस शब्द देतो, विनंति करतो, मान्य करतो, नाकारतो. आणि दिलेल्या शब्दानें तो बांधला जातो. यंत्र असें बांधलें जाऊं शकत नाहीं. त्याच्या तोंडीं जें वाक्य येतें, त्याची बांधिलकी तें यंत्र रचणाऱ्याची व वापरणाऱ्याची. ज्यानें सर्वांत चांगलें बोलकें यंत्र केलें, त्यानेंच हें म्हणावें ह्याला कांहीं अर्थ आहे. बाहेरच्या टीकाकाराला, तुम्हांला ह्यांतलें काय कळतें, असें म्हणून वाटेला लावतां येतें; विनोग्राडला तसें म्हणण्याची सोय नव्हती.

त्यानंतरचा इतिहास भराभर सांगतों, कारण त्यांत नियम मागें पडून आंकडे पुढें आले. भाषेचें ज्ञान हातानें भरण्याऐवजीं प्रचंड मजकुरांतून यंत्रानेंच तें उपसावें, ही दृष्टि रूढ झाली. १९९५ सालीं स्टॅनफर्डला लॅरी पेज हा विद्यार्थी आला. विनोग्राड त्याचे मार्गदर्शक झाले. त्यानें पीएच्. डी. पुरी केली नाहीं. १९९८ सालीं एका सहाध्यायाबरोबर त्यानें गूगल कंपनी काढली. त्याच कंपनींतल्या दोघां संशोधकांनीं २०१५ सालीं चित्रपटांच्या तळओळींवरून यंत्राला गप्पा मारावयास शिकविलें, आणि २०१७ सालीं तेथल्याच आठ जणांनीं जी रचना मांडली, तिच्यावर आजचीं बोलकीं यंत्रें उभीं आहेत. मागचे शब्द पाहून पुढचा शब्द कोणता येईल हें अजमावणें, एवढेंच त्यांचें मूळ काम. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर असें एक यंत्र सर्वांना खुलें झालें, आणि पुढचें आपण जाणतांच.

आतां सासू-सुनेच्या त्या वाक्याचें काय? टोरोंटोचे हेक्टर लेव्हेक यांनीं तशा वाक्यांची एक परीक्षाच तयार केली आणि तिला विनोग्राडचें नांव दिलें. २०१६ सालीं न्यूयॉर्कला झालेल्या स्पर्धेंत पहिल्या आलेल्या यंत्रालाहि शेंकडा ५८ गुणच पडले. त्यानंतर तीनचार वर्षांतच ह्या नव्या पद्धतीनें तोच आंकडा नव्वदावर नेला. ह्या यंत्रानें जन्मांत कधीं स्नान केलेलें नाहीं. पण स्नानाविषयीं, सोंवळ्याविषयीं आणि सासवांविषयीं जें म्हणून लिहिलें गेलें आहे, त्यांतलें पुष्कळसें त्याच्या दृष्टीखालून गेलें आहे. तेवढ्यानें समजूत आली म्हणावयाची काय, ह्यावर पंडितांचें एकमत नाहीं. माझें मत विचाराल तर, परीक्षा उतरली हें मान्य करावें आणि परीक्षेनें काय मोजलें तें पुन्हां तपासावें. विनोग्राड आणि फ्लोरेस यांच्या १९८६ च्या आक्षेपाला मात्र ह्या नव्वद गुणांनीं स्पर्शहि होत नाहीं. तो आक्षेप अर्थ लावण्याविषयींचा नव्हता. बोललेल्या शब्दाला बांधील कोण, ह्याविषयींचा होता.

तो प्रश्न अखेर न्यायासनापुढें आला, आणि तोहि एका प्रवाशाच्या चौकशींतूनच. २०२२ च्या नोव्हेंबरांत कॅनडांतील एका गृहस्थाची आजी वारली. अंत्यविधीस जाण्यासाठीं त्यानें एअर कॅनडा ह्या विमान कंपनीच्या संभाषणयंत्राला सवलतीच्या भाड्याविषयीं विचारलें. यंत्रानें सांगितलें कीं, आधीं पूर्ण भाडें भरून तिकीट काढा आणि नव्वद दिवसांच्या आंत सवलतीसाठीं अर्ज करा. कंपनीचा नियम तसा नव्हता. प्रवासानंतर ही सवलत मिळत नसे. गृहस्थानें दाद मागितली. तेव्हां कंपनीच्या वतीनें असा बचाव मांडण्यांत आला कीं, संभाषणयंत्र ही कायद्याच्या दृष्टीनें एक स्वतंत्र व्यक्ति असून आपल्या बोलण्यास तीच जबाबदार आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या लवादानें २०२४ च्या फेब्रुवारींत हा बचाव फेटाळला आणि व्याज व खर्च धरून सुमारें ८१२ डॉलर त्या गृहस्थाला देण्याचा हुकूम केला. माहिती कंपनीच्या साध्या पानावर छापलेली असो वा यंत्राच्या तोंडून आलेली असो, ती कंपनीचीच होय, असें निकालांत नमूद आहे.